देणे कोणाच्या नावावर? अमेरिकेतील वार्धक्यविमा आणि एका पिढीवरील आरोप

राष्ट्राचा ऱ्हास होत आहे अशी भावना समाजात बळावली की त्या ऱ्हासाचा धनी कोण हा प्रश्न लगोलग पुढे येतो, आणि गेल्या काही दशकांत अमेरिकेतील सार्वजनिक चर्चेने या प्रश्नाचे सर्वात आवडते उत्तर एका पिढीचे नाव घेऊन दिले आहे. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेल्यांना तिथे ‘बेबी बूमर’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर असा काही उसळला की १९५७ या एकाच वर्षी त्या देशात सुमारे ४३ लाख मुले जन्मली. स्वस्त शिक्षण, आवाक्यातली घरे आणि चढती वेतने यांचा लाभ या पिढीने घेतला, सत्तेवर आल्यावर कर कमी करून घेतले, आणि आता म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाचा व औषधोपचारांचा भार ती नातवंडांच्या माथी मारत आहे, असा तिच्यावरील आरोप आहे. ब्रूस गिब्नी यांनी २०१७ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच अख्ख्या पिढीला समाजविघातक मनोवृत्तीची ठरवले आहे. उलट वृद्धांचे म्हणणे असे की आयुष्यभर पगारातून पैसे कापून दिले, तेच परत मिळत आहेत, यात कोणाचे उपकार नाहीत. हे दोन्ही पक्ष माणसांच्या स्वभावाकडे बोट दाखवतात, आणि ज्या कायदेशीर रचनेमुळे काहीही न ठरवणे हाच सर्वात मोठा निर्णय होऊन बसतो त्या रचनेकडे मात्र दोघांचेही दुर्लक्ष होते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रथम ही रचना समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा खर्च दोन प्रकारे होतो. संरक्षण, संशोधन, राष्ट्रीय उद्याने अशा बाबींसाठी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दरवर्षी रक्कम मंजूर करावी लागते. दुसऱ्या प्रकारात कायदा केवळ पात्रता ठरवतो. जो त्या पात्रतेत बसेल त्याला ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे, आणि एकूण किती खर्च होणार हे कोणत्याही सभागृहाच्या मतदानावर अवलंबून नसून त्या वर्षी किती माणसे पात्र ठरली, किती जगली आणि किती आजारी पडली यावर अवलंबून असते. या दुसऱ्या प्रकाराला हक्काचा खर्च म्हणतात. त्यात वृद्धांना व त्यांच्या वारसांना मासिक रक्कम देणारी सोशल सिक्युरिटी, वृद्धांच्या उपचारांसाठीची मेडिकेअर आणि गरिबांच्या उपचारांसाठीची मेडिकेड या तीन योजना मुख्य आहेत. २०२४ या आर्थिक वर्षात सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले, त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक या तीन योजनांवर गेले, आणि त्याच वर्षी कर्जावरील व्याजाचा आकडा संरक्षणखर्चाच्याही पुढे गेला.

सोशल सिक्युरिटीचा कायदा १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सहीने अस्तित्वात आला. त्याचा आराखडा तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष कामगार खात्याच्या मंत्री फ्रान्सिस पर्किन्स होत्या. १९३७ पासून पहिल्या ३,००० डॉलरपर्यंतच्या वार्षिक वेतनावर कामगाराकडून एक टक्का आणि मालकाकडून एक टक्का असा कर घेण्यास सुरुवात झाली, आणि मासिक रक्कम देण्यास जानेवारी १९४० मध्ये. ती पहिली मासिक रक्कम व्हर्मॉन्ट राज्यातील लडलो या गावच्या आयडा मे फुलर यांना मिळाली. एका वकिली कचेरीत काम करणाऱ्या या बाईंनी तीन वर्षांत एकूण २४.७५ डॉलर कर भरला होता आणि त्यांच्या हाती पडलेली पहिलीच रक्कम २२.५४ डॉलर होती, म्हणजे दुसऱ्याच महिन्यात भरलेले सारे वसूल झाले. त्या शंभर वर्षे जगल्या आणि १९७५ मध्ये वारल्या, तोवर त्यांना एकूण २२,८८८.९२ डॉलर मिळाले होते. योजनेच्या टीकाकारांनी हा हिशेब पुन्हा पुन्हा वापरला आहे आणि त्यात काहीच खोटे नाही. मात्र फुलर १८७४ साली जन्मलेल्या होत्या हे त्या टीकेत सहसा सांगितले जात नाही. या व्यवस्थेचा सर्वात मोठा लाभ ज्यांनी घेतला ते बूमर नव्हते. त्यांचे आजी-आजोबा व आई-वडील होते.

असे होण्याचे कारण योजनेच्या अर्थशास्त्रात आहे. कामगाराने भरलेला पैसा त्याच्या नावाने साठवून ठेवला जात नाही. आज काम करणाऱ्यांच्या करातून आजच्या निवृत्तांना रक्कम दिली जाते. महाराष्ट्रातील वाचकांना ही कल्पना जुन्या पेन्शनच्या वादामुळे परिचित आहे, कारण १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनही चालू महसुलातूनच दिले जाते. फरक इतकाच की तिथे लाभार्थी सरकारी नोकर आहेत आणि अमेरिकेत जवळजवळ सारा कामकरी समाज. अशा व्यवस्थेत पहिल्या लाभार्थ्यांना जवळपास फुकटात रक्कम मिळते, आणि पुढच्यांना मिळणारा परतावा लोकसंख्या व वेतने किती वेगाने वाढतात यावर ठरतो, हे पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५८ साली गणिताने मांडले. वेतन आणि माणसे वाढत राहिली तर प्रत्येक पिढीला भरल्यापेक्षा जास्त मिळू शकते. वाढ मंदावली की आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी अवस्था होते. १९५० साली एका लाभार्थ्यामागे १६.५ करदाते कामगार होते, १९६० साली ५.१ उरले आणि आज हे प्रमाण २.७ च्या आसपास आहे. यातील मोठी घसरण १९६० च्या आतच झाली, जेव्हा सर्वात थोरला बूमर चौदा वर्षांचा होता. ही घसरण योजनेची व्याप्ती वाढल्यामुळे आणि योजना वयात आल्यामुळे झाली. नंतरच्या घसरणीत मात्र बूमरांना झालेल्या कमी मुलांचा वाटा निःसंशय आहे.

पिढ्यांचा हा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचा प्रयत्न १९९१ साली ॲलन ऑयरबाख, जगदीश गोखले आणि लॉरेन्स कोटलिकॉफ या तीन अर्थतज्ज्ञांनी केला. मराठी वाचकाला यातील मधले नाव परके वाटणार नाही. सरकारची वार्षिक तूट हा आकडा फसवा असतो, कारण पुढच्या पन्नास वर्षांची आश्वासने त्यात दिसतच नाहीत. म्हणून प्रत्येक जन्मवर्षाच्या माणसांनी उरलेल्या आयुष्यात सरकारला किती द्यायचे आहे आणि सरकारकडून किती घ्यायचे आहे याची वजाबाकी करावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. ‘पिढीनिहाय लेखा’ या नावाने ओळखता येईल अशा या पद्धतीने न जन्मलेल्यांवर किती बोजा पडेल हे प्रथमच नजरेसमोर आणले, आणि ती तिची मोठी कामगिरी आहे. तथापि तिच्यात एक उणीव राहते. सरकारी देवघेवीबाहेर पिढ्यांमध्ये जे वाहते ते तिच्यात येत नाही: आई-वडिलांनी मुलाला वाढवण्यावर केलेला खर्च, वारशाने जाणारे घर, आणि उलट दिशेने, मुलांच्या खांद्यावरून उतरलेली म्हाताऱ्यांच्या पोषणाची जबाबदारी. १९५९ साली अमेरिकेतील पासष्टीवरच्या लोकांपैकी ३५.२ टक्के दारिद्र्यात होते; आज हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. ही योजना नसती तर त्या म्हाताऱ्यांना कोणी पोसले असते, तर बहुधा त्यांच्याच मुलांनी, आणि तेही नशिबाने ज्यांची मुले कमावती होती त्यांनाच. आपल्या परंपरेत पितृऋण पितरांना परत करायचे नसून पुढची पिढी वाढवून फेडायचे असते. पगारातून वर जाणारा पैसा आणि संसारातून खाली जाणारा पैसा या दोन्ही बाजू एका वहीत लिहिल्याशिवाय कोण कोणाचे देणे लागतो हे सांगता येत नाही.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे निर्णय कोणी आणि केव्हा घेतले. १९७२ साली काँग्रेसने सोशल सिक्युरिटीची रक्कम एकदम वीस टक्क्यांनी वाढवली आणि पुढे महागाईनुसार ती आपोआप वाढेल अशी तरतूद केली. वेज अँड मीन्स समितीचे, म्हणजे करविषयक कायद्यांची पहिली चाळणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स स्वतः त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते आणि सही करणारे रिचर्ड निक्सन फेरनिवडणुकीला उभे होते; वाढीव रक्कम ऑक्टोबरमध्ये लोकांच्या हाती पडली आणि नोव्हेंबरमध्ये मतदान झाले. या घाईतल्या सूत्रात महागाई दोनदा मोजली जाई, त्यामुळे रकमा अवाच्या सवा वाढू लागल्या आणि १९७७ मध्ये सूत्र दुरुस्त करावे लागले. १९७२ साली बूमरांतील बहुतेकांना मतदानाचा हक्क नुकताच मिळाला होता किंवा मिळायचाच होता.

१९८३ हे वर्ष या इतिहासात वेगळे आहे. योजनेचा निधी त्याच उन्हाळ्यात आटणार अशी वेळ आली, तेव्हा ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींवर राष्ट्राध्यक्ष रेगन आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्ष यांनी तडजोड केली आणि २० एप्रिल रोजी कायदा झाला. ठरलेली करवाढ अलीकडे ओढली गेली, निवृत्तीच्या रकमेवर प्रथमच प्राप्तिकर लागला, आणि पूर्ण रक्कम मिळण्याचे वय पासष्टवरून टप्प्याटप्प्याने सदुसष्टवर नेण्याचे ठरले. ते पूर्णपणे लागू होते १९६० व त्यानंतर जन्मलेल्यांना. म्हणजे त्या वेळच्या निवृत्तांना फारसे न दुखवता बूमर आणि त्यांच्या धाकट्यांकडून जास्त घेण्याचे आणि त्यांना उशिरा देण्याचे ठरले. कर १९९० पर्यंत कामगार व मालक मिळून १२.४ टक्क्यांवर गेला आणि त्यातून काही दशके मोठी शिल्लक पडत राहिली. ‘आम्ही भरले’ हा बूमरांचा दावा म्हणून निराधार नाही.

भरलेल्या शिल्लकेचे काय झाले, हे पाहण्यासाठी वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग या गावातील एका कपाटाकडे जावे लागते. विश्वस्त निधीची शिल्लक कायद्याने सरकारच्याच खास रोख्यांत गुंतवायची असल्यामुळे तो पैसा सरकारच्या सर्वसाधारण खर्चात मिसळला, आणि निधीच्या वाट्याला आले ते रोखे; त्यांच्या छापील प्रती पार्कर्सबर्गच्या सरकारी कचेरीत फायली ठेवण्याच्या साध्या कपाटात असत. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तिथे जाऊन ते कपाट पाहिले आणि बाहेर येऊन खरा निधी असा नाहीच, आहेत ती कागदी आश्वासने, असे सांगितले. कराचा काही भाग वैयक्तिक खात्यांत वळवण्याची त्यांची योजना होती, ती त्या वर्षी बारगळली. अमेरिकी सरकारचा रोखा जपानी बँकेने घेतला तर तो जगातील सर्वात सुरक्षित ठेवा मानायचा आणि तोच आपल्या म्हाताऱ्यांच्या निधीने घेतला तर रद्दी मानायची, यात तर्क कमी आणि सोय जास्त होती; परंतु रोखा फेडायचा म्हणजे पुन्हा कर किंवा कर्ज, हे त्यांचे म्हणणे मात्र खरे होते.

१९८८-८९ चे प्रकरण या साऱ्या वादावर सर्वात जास्त प्रकाश टाकणारे आहे आणि तेच सर्वात कमी आठवले जाते. मेडिकेअरमध्ये दीर्घ व महागड्या आजारपणाला संरक्षण नव्हते. १९८८ साली रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने ते दिले, पण त्याचा खर्च कामगारांवर न टाकता स्वतः वृद्धांवर, त्यातही सुस्थितीतील वृद्धांवर टाकला. पहिल्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न असलेल्याला जास्तीत जास्त ८०० डॉलर अधिक भरावे लागणार होते. लाभ घेणाऱ्या पिढीनेच पैसे द्यायचे, ही पिढीगत न्यायाची याहून सरळ व्याख्या होणे कठीण. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागो येथे वेज अँड मीन्स समितीचे तत्कालीन अध्यक्ष डॅन रॉस्टेनकाउस्की यांची गाडी संतप्त वृद्धांनी अडवली, एक वयस्क बाई गाडीच्या बॉनेटवर चढल्या, आणि देशाच्या करकायद्यांचा हा सर्वात बलाढ्य सूत्रधार गाडीतून उतरून पायी पळाला. दूरचित्रवाणीवर ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. वर्ष संपण्यापूर्वी कायद्याचा बहुतांश भाग रद्द झाला. गाडी अडवणारे मंदीत वाढलेले आणि महायुद्ध जिंकलेले, ज्यांचे गुणगान अमेरिकेत आजही थोर पिढी म्हणून होते ते लोक होते. तेव्हा बूमरांचे वय पंचवीस ते त्रेचाळीस होते.

या धड्याचा परिणाम २००३ मध्ये दिसला. मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च घालण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात पहाटेच्या वेळी जवळजवळ तीन तास मतदान लांबवून संमत करून घेतले गेले आणि ८ डिसेंबरला कायदा झाला. त्याच्यासाठी कोणताही नवा कर लावला नाही, सुमारे तीन चतुर्थांश खर्च सर्वसाधारण महसुलातून, म्हणजे बऱ्याच अंशी कर्जातून, करण्याचे ठरले. रॉस्टेनकाउस्कींच्या गाडीवरून सर्वच पक्षांनी जे शिकायचे ते शिकले होते. इथे बूमरांवरील दोष मान्य करावा लागतो, कारण सही करणारे बुश १९४६ च्या जुलैत जन्मलेले होते. परंतु त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, जन्मलेल्या क्लिंटन यांच्या कारकिर्दीत १९९८ पासून सरकारी अंदाजपत्रकात सलग शिल्लक पडली होती, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये जन्मलेल्या ट्रम्प यांनी सोशल सिक्युरिटीला हात लावणार नाही या आश्वासनावर मते मिळवली. एकाच उन्हाळ्यातील तीन माणसांकडून तीन वेगवेगळे हिशेब निघतात तेव्हा जन्मसालावरून आर्थिक चारित्र्य ठरवणाऱ्यांनी थोडे थांबायला हवे.

मग फरक कशाने पडतो? २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत तात्पुरती वाढवून ती दरमहा पालकांच्या खात्यात जमा होऊ लागली, आणि मुलांमधील दारिद्र्य, सरकारी मदत हिशेबात धरणाऱ्या मोजमापानुसार, ५.२ टक्क्यांपर्यंत खाली आले. मुदत संपल्यावर पुढच्याच वर्षी ते १२.४ टक्के झाले. वृद्धांसाठीचा खर्च बंद पाडायचा तर काँग्रेसला मतदान करावे लागते; मुलांसाठीचा खर्च चालू ठेवायचा तर काँग्रेसला मतदान करावे लागते. भिजत घोंगडे ठेवले की एका बाजूचे आपोआप चालू राहते आणि दुसरीचे आपोआप बंद पडते. पन्नाशीपुढील सभासदांची ‘एएआरपी’ ही संघटना किंवा वृद्धांचे मतदानाचे मोठे प्रमाण यांना दोष देणे सोपे आहे, पण ही शक्ती ज्या पायावर उभी आहे तो पाया हा: त्यांना काही मिळवायचे नसते, फक्त काही होऊ द्यायचे नसते.

गंमत अशी की कायद्याच्या दृष्टीने हा हक्क तितका पक्का नाहीच. १९६० साली फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर या खटल्यात, कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या सदस्यत्वावरून हद्दपार केलेल्या एका बल्गेरियन स्थलांतरिताची रक्कम बंद करणे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले आणि भरलेल्या करामुळे कराराचा हक्क निर्माण होत नाही, काँग्रेस नियम बदलू शकते, असे स्पष्ट केले. सारी भक्कमता राजकीय आहे. ज्यांना राजकीय आवाज नाही त्यांच्याबाबत ती लगेच विरघळते, आणि याचा अनुभव पुण्या-मुंबईतून तिथे गेलेल्या पुष्कळ संगणक अभियंत्यांना आहे. एच-वन-बी व्हिसाची नेहमीची कमाल मुदत सहा वर्षे आहे, तर निवृत्तीच्या रकमेसाठी साधारण दहा वर्षांचे भरणे लागते. भारत व अमेरिका यांच्यात दोन्हीकडचा सेवाकाळ एकत्र धरण्याचा करार नसल्यामुळे मुदत संपून परतणाऱ्याने भरलेला कर तिथल्या म्हाताऱ्यांना पोहोचतो आणि त्याला स्वतःला काहीच मिळत नाही. बूमरांना पोसणाऱ्यांत अमेरिकेची नातवंडे जशी आहेत, तसा परतून गेलेला कोथरूडचा एखादा मुलगाही आहे. पिढ्यांच्या भांडणात त्याचे नाव कोणी घेत नाही.

ऱ्हासाचा दोष या खर्चावर टाकणे कितपत रास्त आहे, हे थोडक्यात पाहता येईल. म्हातारपणीच्या रकमेचा भार मोजता येण्याजोगा आहे आणि कर किंवा वय थोडे बदलून पेलता येण्याजोगा आहे. उपचारांच्या खर्चाचे तसे नाही: अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सतरा-अठरा टक्के आरोग्यावर खर्च करते आणि तिथले सरासरी आयुर्मान तरीही इतर श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे. हा दोष वृद्धांचा नसून किमतींचा, म्हणजे रुग्णालये, औषध कंपन्या आणि विमा यांच्या व्यवस्थेचा आहे, आणि त्याला पिढीचे नाव दिले की त्या व्यवस्थेची सुटका होते.

जानेवारी २०२५ मध्ये स्वतंत्र पेन्शन मिळणाऱ्या काही शिक्षक, पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या रकमेवरील जुनी कपात रद्द करणारा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी, सिनेटमध्ये ७६ विरुद्ध २० अशा बहुमताने, संमत होऊन लागू झाला. दहा वर्षांत सुमारे १९६ अब्ज डॉलर खर्चाच्या या कायद्यात पैसे कोण देणार याचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षीच्या विश्वस्तांच्या अहवालानुसार सोशल सिक्युरिटीचा वार्धक्यनिधी २०३३ मध्ये संपेल, आणि त्यानंतर कायद्यानुसार येणाऱ्या करातून जेवढे भागेल तेवढेच, म्हणजे सुमारे ७७ टक्के, देता येईल. काँग्रेसने काहीच केले नाही तर ही कपात सर्वांनाच लागू होईल, पण सर्वात धाकटा बूमर तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा असेल आणि त्याने काही वर्षे पूर्ण रक्कम घेतलेली असू शकेल. सदुसष्टपर्यंत थांबून २०३३ साली पूर्ण रकमेस पात्र होणारे लोक १९६६ साली जन्मलेले असतील, आणि ज्या २० एप्रिल १९८३ ला हे सदुसष्ट वय ठरले त्या दिवशी ते सोळा-सतरा वर्षांचे होते. त्यांच्यापैकी एकालाही तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता.